टाकीतला शाळू

परदेशी मदतीची पत्र्याची टाकी आमच्या गावात आली, तेव्हा मी पंचविशीत होतो आणि गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. यात माझी कर्तबगारी काही नव्हती. शिरूरला बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेला गावात मी एकटाच. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा, आणि वाचून दाखवायच्या आधी मी उगाच घसा खाकरायचो. आमचं घर धनगराचं. आजोबांनी उभा जन्म मेंढरांमागं काढला, वडिलांनी मेंढरं सोडून नांगर धरला, आणि मी हातात पेन धरून चावडीशेजारच्या खोलीत बसलो होतो. आपण दोन पिढ्यांत फार लांब आलो, असं मला वाटायचं.

गाव सोलापूर रस्त्यापासून आत, वरवंडहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. कालव्याचं पाणी आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. काळी जमीन, परतीचा पाऊस झाला तर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, नाहीतर काही नाही. शाळू फाल्गुनात निघायचा. सगळ्या गावांचा एकदमच निघायचा आणि सगळ्यांच्या गाड्या एकदमच वरवंडच्या बाजाराला लागायच्या. व्यापारी म्हणेल तो भाव. तीच ज्वारी श्रावणात महाग व्हायची, पण तोवर ती ठेवायची कुठं? घरात कणगी असायची, पण तिला उंदीर आणि टोका, म्हणजे धान्यातला किडा, लागायचा. ज्याची जागा चांगली, त्याचं पेव असायचं. पेव म्हणजे गावच्या पांढऱ्या मातीत खणलेली खोल खोली. तोंड लहान, पोट मोठं. आतून शेणानं सारवायचं, कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि वरून माती लिंपून टाकायची. 

पेव कधी भरायचं आणि कधी उघडायचं, हे आमच्या गावात मामा सांगायचे.

मामा मापाडी होते. खळ्यावर धान्याची रास पडली की ती मापून द्यायची, हे त्यांच्या घराचं पिढीजात काम. मुसलमानाचं एकच घर गावात, पण कुणाच्याही खळ्यावर त्यांच्याशिवाय रास हलायची नाही. पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, तीन. आवाज बारीक पण खणखणीत. रास मोजायच्या आधी ते चार दाणे दाढेखाली धरायचे. कट् असा आवाज आला तर मान हलवायचे. नाही आला तर खाली बसून तंबाखू मळायला लागायचे, आणि घरमालकानं काय ते समजायचं. लहानपणापासून ते मला ‘अरे-तुरे’ करत. मी सेक्रेटरी झालो त्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणायला लागले. मी एकदा म्हटलं, “मामा, मला कशाला तुम्ही म्हणता?” तर हसून म्हणाले, “खुर्चीला म्हंतो. उतरला की पुन्हा तू.”

साहेब पहिल्यांदा आला तो जीपमधून, पुण्याच्या एका अधिकाऱ्याबरोबर. उंच, उन्हानं लाल झालेला, पोटरीपर्यंत मोजे. तो मुळात शेतकऱ्याचाच मुलगा होता, हे मला नंतर कळलं. त्याच्या देशात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशा टाक्या उभ्या केल्या होत्या. धान्य स्वतः ठेवायचं, हवं तेव्हा विकायचं. तेच इथं करायचं, टाकी आम्ही देतो, असं त्याचं म्हणणं. तो बोलायचा, मी मराठीत सांगायचो. लोकांचं बोलणं मी त्याला इंग्रजीत सांगायचो. अधिकाऱ्याला ती कटकट नको होती, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं माझ्याच तोंडातून जायचं. सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “ह्यो पोरगा नसता तर सायब अन् आपण एकमेकांची तोंडं बघत बसलो असतो.”

टाकी दौंड जंक्शनला मालगाडीनं आली. नुसते वाकवलेले पत्रे, बोल्टांच्या पेट्या आणि पत्र्याचंच एक गोल छप्पर. गावातल्या अकरा गाड्या ती आणायला गेल्या. येताना भांडगावच्या शिवारात लोक रस्त्यावर येऊन विचारायचे, हे काय, सिनेमाचा तंबू काय? गाड्या हाकणारे म्हणायचे, आमची कोठी हाय, इलायती. बोल्ट आवळायला महिना गेला. साहेब स्वतः बनियनवर शिडीवर चढायचा, ते बघायला बाया कडेवर पोरं घेऊन यायच्या. तो माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

गोदाम सांभाळायला माणूस हवा होता. मीच मामांचं नाव सुचवलं. ते आधी नको म्हणाले. “पेव मला कळतं. पेवाला माती असती, माती दम धरती. पत्र्याचं काय मला ठावं न्हाई.” मग आप्पांनीच गळ घातली तेव्हा तयार झाले.

त्या वर्षी फाल्गुन सरता सरता खळी चालू असताना अवकाळी पाऊस आला. दोनच दिवस, पण राशी उघड्यावर होत्या. लोकांनी घोंगड्या टाकल्या, कडबा टाकला, तरी ज्वारी ओलावली. पुन्हा ऊन पडलं. वरून बघितलं तर रास पांढरी, मोत्यासारखी. आणि त्याच वेळी पुण्याहून निरोप आला: टाकीच्या उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे येणार, दिवस ठरला आहे, त्या दिवशी टाकी भरलेली असली पाहिजे.

उद्घाटनाच्या पाच दिवस आधी साहेब आला. टाकीच्या पायाशी पोती रचलेली होती. गावातली बावीस घरं टाकीत ज्वारी घालणार होती. विक्रीची तर होतीच, शिवाय साहेबाच्या सांगण्यावरून बियाण्याचीही. बियाण्याला कीड लागते, टाकीत लागणार नाही, हे मीच घरोघर जाऊन पटवलं होतं. मामांनी एक पोतं सोडलं, चार दाणे दाढेखाली धरले, मग दुसरं सोडलं, मग कोपरापर्यंत हात आत घातला. उठून सरळ साहेबासमोर आले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “सायबाला सांगा. दाणा तुटत न्हाई, चेपतोय. पोटात पानी हाय. आठ दिस उन्हात पसरू द्या, मंग भरा. आन् आताच भरायचं आसंल, तर पाव्हणं गेल्यावर लगी उघडून पुन्हा वाळवू द्या. न्हाईतर समदं सडंल.”

साहेब मामांकडं उत्सुकतेनं बघत होता. त्यानं मला विचारलं, हा म्हातारा काय म्हणतो?

त्या क्षणाकडं मी आजवर शेकडो वेळा गेलो आहे. कुणी मला धमकावलं नव्हतं. आप्पा चार हातांवर उभे होते, त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. पुण्याचा अधिकारी लांब जीपपाशी घड्याळ बघत होता. माझ्या मनात आलं ते असं: पाहुण्यांचा दिवस ठरला आहे, आणि आपल्या गावात दाणा दाढेखाली धरून ओल बघतात, हे मी या माणसाला इंग्रजीत कसं सांगू? त्याच्याकडं ओल मोजायचं यंत्र होतं. ते बिघडून मुंबईला गेलं होतं, पण होतं. त्याच्यापुढं आपण अडाणी दिसू, अशी मला शरम वाटली. आणि मी म्हणालो, “तो म्हणतो, असं कोठार त्यानं जन्मात पाहिलं नाही. त्याला फार आनंद झाला आहे.”

साहेबाचा चेहरा फुलला. तो पुढं झाला आणि त्यानं मामांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. काहीतरी बोललाही. मी ते मराठीत सांगितलं नाही, मामांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, सांगायचं ते पोचलं. पोतं पुन्हा शिवताना मला म्हणाले, “मानूस समजूतदार हाय. हात धरून व्हय म्हनला.”

मी वहीत पोत्यांचा आकडा लिहीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी टाकी भरायला लागली. तिचा एक छापील इंग्रजी कागद होता. त्यात खाली एक ओळ होती: धान्य तपासले, कोरडे आहे. पुढं गोदाम सांभाळणाऱ्याची सही. मामांना सही येत नव्हती. मी शाईची डबी पुढं केली. ते म्हणाले, “काय लिवलंय?” मी म्हणालो, “ज्वारी टाकीत भरली म्हणून लिहिलंय.” त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दाबून उठवला, नीट उठला का ते वाकून पाहिलं आणि बोट धोतराला पुसलं.

उद्घाटन झालं. हार, भाषणं, शाळेच्या मुलींचं गाणं. पाहुण्यांनी शिडीवर चढून आत डोकावलं. साहेबाचं भाषण मी मराठीत केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला आहेत असं मी धरून चाललो. मग आत किडीच्या औषधाच्या गोळ्या टाकल्या, झाकण लावलं, कडेनं डांबराची पट्टी मारली आणि कुलूप घातलं. श्रावणापर्यंत उघडायची नाही, असा नियम होता. किल्ली माझ्याकडं. साहेब दुसऱ्या गावांच्या टाक्या बघायला पार विदर्भाकडं निघून गेला.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा घरी आले. माझे वडील ओट्यावर वाखाचा दोर वळत बसले होते. मामा उभ्या उभ्याच म्हणाले, “चला, किल्ली घ्या. मान्सं बोलावलीत, खळं सारवून ठिवलंय.”

मी म्हणालो, “मामा, आता पट्टी मारलीय. औषध आहे आत. उघडता येत नाही.”

“सायब व्हय म्हनला व्हता की.”

“त्यांचं पत्र येऊ द्या. लेखी असल्याशिवाय मला हात लावता येत नाही.”

“मंग लिवा त्यांस्नी पत्र.”

“लिहितो,” मी म्हणालो.

मी पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर आधी काय खोटं बोललो ते लिहावं लागलं असतं. मामा गेल्यावर वडील दोर वळायचा थांबवून म्हणाले, “मापाड्याची दाढ आजवर चुकली न्हाई.” मी म्हणालो, “आबा, जग पुढं गेलंय.” ते पुन्हा दोर वळायला लागले.

चैत्र, वैशाख. मामा दर आठ-दहा दिवसांनी खोलीत यायचे. बसायचे नाहीत. “पत्र आलं का?” “नाही.” एकदा म्हणाले, “जरा चला, पत्र्याला हात लावा. आत ज्वारी तापलीय.” मी म्हणालो, “मामा, वैशाखातला पत्रा तापणारच.” ते म्हणाले, “म्या दुपारी न्हाई लावला, फाटंचं लावला. फाटंचं पत्रा गार पायजे. तुमचा-माझा हात गार आस्तो, ह्यो पत्रा ऊन हाय. आन् झाकनाच्या आतनं पानी ठिबाकतंय, कान लावला की आयकू येतंय.” मी आप्पांकडं गेलो. आप्पा म्हणाले, “पट्टी तोडली आन् किडं पडलं, तर उद्या सगळं आपल्यावर. म्हाताऱ्याला चैन पडत न्हाई, तेला दुसरं काम द्या काहीतरी.” मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्यानं नाही म्हटलं, की आपलं नाही म्हणणं हलकं होतं.

मग आषाढात एक वास सुटला. टाकीच्या मागच्या घरातल्या बाईनं पहिल्यांदा विचारलं, इथं काय आंबवून ठेवलंय का? मला तो वास येत होता. मी दोन दिवस रस्ता बदलून चावडीवर गेलो.

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी टाकी उघडायचं ठरलं. विक्री पुण्याच्या बाजारात करायची होती, ट्रक सांगून ठेवला होता. बावीस घरांची माणसं पोती घेऊन आली होती. बायकाही आल्या होत्या, कारण पेरणीचं बियाणं त्यांना स्वतःच्या डोळ्यांदेखत घ्यायचं होतं. खाली एक लहान दार होतं. ते सरकवलं की ज्वारी धारेसारखी पोत्यात पडेल, असं साहेबानं सांगितलं होतं. मी कुलूप काढलं. मामांनी दार सरकवलं.

काही पडलं नाही.

मामांनी आत काठी घातली. काठी भिंतीवर आपटावी तशी आपटली. मग पहार आणली. पहारीनं कोचलं तेव्हा काळी, हिरवट ढेप सुटून बाहेर पडली आणि तिच्यामागून कोमट वाफ आली. लोक मागं सरकले. दोघं-तिघं जण शिडीवरून वर चढले, झाकण काढलं. वरच्या थराला मोड येऊन, वाळून, पांढऱ्या केसांसारखी बुरशी धरली होती. दिवसभर खणत होतो. मधे कुठं कुठं पायलीभर चांगली निघायची, पण ती नखानं दाबली की पिठासारखी व्हायची. बायका त्या ढेपा फोडून बियाण्याजोगे दाणे वेचत बसल्या. संध्याकाळी प्रत्येकीच्या सुपात तळ झाकेल एवढे दाणे होते. तेही उगवणार नव्हते, हे त्यांना माहीत होतं, तरी त्या वेचत होत्या. आमच्या वडिलांनी आमची एक ढेप हातात घेतली, हुंगली, आणि बैलांनाही घालू नका म्हणाले.

आठ दिवसांत पुण्याहून चौकशीला अधिकारी आला. तोच, घड्याळ बघणारा. चावडीसमोर माणसं जमली. त्यानं फाइलीतून तो इंग्रजी कागद काढला आणि मलाच म्हणाला, वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. मी वाचलं. धान्य तपासले, कोरडे आहे. गोदाम सांभाळणाऱ्याचा अंगठा.

लोकांनी मामांकडं पाहिलं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. एखाद्याला ऐकायला कमी येतं आणि तो समोरच्यानं पुन्हा सांगावं म्हणून थांबतो, तसे ते थांबले होते. मग म्हणाले, “आसं कसं लिवलं आसंल? म्या तर सायबाला वली हाय म्हनून सांगितलं. शेक्रेटरी व्हते की तितं.”

अधिकाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. “असं काही बोलणं झालं होतं?”

मी म्हणालो, “त्या दिवशी गडबड फार होती.”

एवढंच म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं. आप्पा लगेच पुढं होऊन म्हणाले, “आम्ही गाववाल्यांनी इस्वास टाकला, आन् अंगठा त्यांनी दिला. आता सायबावर ढकलून काय उपेग?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं, जातीवर गेला. आमच्या गावात हे वाक्य मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. म्हणणाऱ्याच्या घराच्या तीन पिढ्यांच्या राशी मामांच्या घरानं मापल्या होत्या. माझे वडील ताडकन उठले आणि म्हणाले, “कोन म्हनलं त्ये?” कुणी उत्तर दिलं नाही. पण कुणी नाहीही म्हटलं नाही. मामांनी टोपी सारखी केली आणि माणसांतून वाट काढत घरी गेले.

त्या वर्षी आमच्या वडिलांनी जन्मात पहिल्यांदा शाळूचं बियाणं विकत आणलं. शिरूरच्या बाजारातून. आजोबांच्या वेळेपासून कणसं निवडून राखलेलं आमचं वाण टाकीत गेलं होतं. बावीस घरांची बावीस वाणं. विकतचं उगवलं, पण परतीचा पाऊस दगा देऊन गेला आणि ते कणीस बाहेर पडायच्या आधी, पोटरीतच वाळलं. जुनं तगलं असतं का, कुणास ठाऊक. पुढच्या साली तर पाऊस आलाच नाही. मग रेशनवर परदेशी ज्वारी यायला लागली, तांबडी मिलो. तिच्या पिठाला चिकटा नव्हता, भाकरी थापताना कडा फाटायच्या. बाया उकळतं पाणी घालून, हात पोळून घेऊन ती मळायच्या. ही पण मदतच, असं मी लोकांना सांगायचो. त्यातले काही जण माझ्या तोंडाकडं बघत राहायचे.

मामांना टाकीनंतरच्या पहिल्याच फाल्गुनात एकाही खळ्यावर बोलावणं आलं नाही. ज्यांचं थोडंफार पिकलं होतं, त्यांनी आपापल्या हातानं मापून घेतलं. मामा आपलं माप घेऊन खळ्याच्या वाटेवर दोन-तीन दिवस बसून राहिले, असं आईनं मला सांगितलं. उन्हाळ्यात ते आणि मामी बिऱ्हाड घेऊन दौंडला गेले. मी घरीच होतो. गाडी आमच्या दारावरून गेली. मी बाहेर आलो नाही.

सोसायटी नावाला राहिली. साहेब पुन्हा गावात आला नाही. त्याची मुदत संपून तो मायदेशी परतला होता. जाण्याआधी त्यानं मला एक शिफारसपत्र पाठवलं. हा तरुण प्रामाणिक आहे, लोकांचं म्हणणं अचूक समजावून सांगतो, असं त्यात होतं. त्या पत्रावर मला सरकारी नोकरी लागली. मी ते पत्र फाडलं नाही. वापरलं. 

नोकरीच्या कामानं मी दौंडला जायचो. एकदा स्टेशनच्या मालधक्क्यावर रेशनचं धान्य उतरवून घ्यायचं होतं, त्याची नोंद करायला मी उभा होतो. वॅगनमधून तांबडी ज्वारी उतरत होती. पोती वाहणाऱ्यांच्या ओळीत मामा होते. साठी उलटलेला माणूस. डोक्यावर पोत्याची खोळ, पाय फेंगडे पडत होते. मला ओळखून त्यांनी पोतं थप्पीला टेकवलं आणि जवळ आले.

“बरं हाय का? आबा कसं हायेत?”

“बरे आहेत.”

श्वास खाली बसू दिला. मग म्हणाले, “तुमाला एक इचारायचं व्हतं. लई दिस डोक्यात हाय. तुमी तवा सायबाला सांगितलं, म्या डोळ्यांनी बघितलं. तेनं माझा हात धरला, व्हय म्हनला. मंग चौकशीच्या टायमाला तो का आला न्हाई? एक सबूद बोलला आस्ता, तर म्या गाव सोडलं नसतं.”

धक्क्यावर दुसरं कुणी ऐकत नव्हतं. आप्पा नव्हते, अधिकारी नव्हता, ठरलेला दिवस नव्हता. मी खरं सांगितलं असतं तर माझं काहीच गेलं नसतं.

मी म्हणालो, “मोठी माणसं मामा. विसरला असेल.”

“विसरला,” ते म्हणाले. मान हलवली. “व्हय. दुसऱ्याचं धान्य, कशाला ध्यानात ठिवंल.” आणि पोतं उचलायला वळले. मुकादम ओरडत होता.

दोन वर्षांनी ते वारल्याचं वडिलांकडून कळलं. वडील मातीला जाऊन आले. मला कळवायचं कुणाला सुचलं नसावं. त्यानंतर मला नीट झोप लागेना. बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मामींना जाऊन सांगा. महिनाभर टाळून शेवटी एका रविवारी गेलो.

रेल्वेच्या पलीकडं पत्र्याच्या खोल्यांची एक चाळ होती, त्यात त्या राहत होत्या. दारात बसून सुपात काहीतरी पाखडत होत्या. मला बघून पदर सारखा केला. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. दाणा दाढेखाली धरल्यापासून सगळं सांगितलं. साहेबानं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, कागदात काय होतं, मालधक्क्यावर मी काय म्हणालो. सांगताना माझा आवाज फुटला, आणि त्याचंही मला आतून कुठं तरी बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

त्यांचे हात थांबले होते. त्या म्हणाल्या, “त्ये रोज त्या सायबाला शिव्या घालायचं. मरताना सुदीक. म्हनायचं, गोऱ्यानं हात धरून गळा कापला. तुमचं कवा नाव घेतलं न्हाई. उलटं म्हनायचं, त्या पोरानं सांगितलं व्हतं, पर गरिबाचं कोन ऐकतंय.”

मी खाली बघत होतो.

“आता कशाला सांगायला आला?” त्या म्हणाल्या. “त्यास्नी राग धरायला एक मानूस तरी व्हता, लांबचा. मी आता कुनावर धरू? तुमाला तर मी कडंवर घिऊन फिरलीया.”

मी म्हणालो, “गावात जाऊन सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो.”

“कुनाला? आप्पा गेलं. राशी बी ऱ्हायल्या न्हाईत. कोन हाय तितं ऐकनारं?” त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही.

गावात मी सांगितलं नाही. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करता करता वडीलही गेले. त्यांना मात्र सांगावं असं दोनदा अगदी तोंडाशी आलं होतं, पण मला वाटतं त्यांना चावडीवरच कळलं असावं. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी कुठला कागद वाचून दाखव म्हटलं नाही. शेजारच्या मास्तरांकडं घेऊन जायचे.

त्या दिवशी दौंडला मामींनी मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. रुळांवरून एक मालगाडी बराच वेळ जात राहिली. ती गेल्यावर मीच निघालो.